बेब रूथचं पान

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी नऊ वाजता बोस्टनहून जीवनचा फोन आला, तेव्हा मखमलाबादच्या काकडांच्या घरात अजून एकाही पितराला घास गेला नव्हता.

“हरलो गं आई,” जीवन म्हणाला. “दहा-सात. पहिलीच मॅच गेली.”

मनीषानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, “हरले मेले.”

लंकाबाईनं हातावर थापलेला वडा परत पिठात आपटला. “वाटलंच मला! सासरहून येताना पेठच्या घाटात जीप दोनदा बंद पडली, तवाच म्हणलं आज काय खरं नाय.”

लंकाबाई ही घरची थोरली लेक, भारतची बहीण, जीवनची आत्या. पण या घडीला त्याहून महत्त्वाचं म्हणजे जीवन आणि शुभांगीचं लग्न तिनं जमवलेलं होतं. लग्न जमवणाऱ्याचं काय असतं, संसार सुखाचा झाला तर पोरांचं नशीब, आणि मोडलं तर जमवणारीच्या तोंडाला काळं. तिला आजकाल बाजारातसुद्धा तोंड लपवून वांगी घ्यावी लागत होती.

भानगड अशी होती. साखरपुडा दीड वर्षापूर्वी, कुंभमेळ्याच्या आधी झाला. त्याच वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली, कार्यालय ठरलं. आणि ऑक्टोबरात या दिवट्यानं तिकडे बोस्टनच्या कुठल्याशा हॉटेलात, चार मित्रांच्या देखत, उजवा हात वर करून पण केला, की आपला बेसबॉलचा रेड सॉक्स संघ जगज्जेता होत नाही तोवर मी बोहल्यावर चढणार नाही. त्या दिवशी त्यांचा संघ न्यूयॉर्ककडून शेवटच्या घडीला हरला होता म्हणे. इकडे आधी सगळे हसले. पोरगं आहे, करमत नसेल. मग कुणीतरी विचारलं, हा संघ याआधी कधी जिंकला होता? जीवन म्हणाला, १९१८ साली. तेव्हा हसणं थांबलं. खुद्द आजोबा खंडेरावांचा जन्मसुद्धा त्यानंतरचा.

“भीष्मानं तरी बापासाठी केला होता,” मनीषा तेव्हा म्हणाली होती. “यानं बेसबॉलसाठी?”

पण पोटचा पोर. चारचौघांत ती त्याचीच बाजू घ्यायची. आजही तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, “सहा मॅच बाकी आहेत अजून. त्यातल्या चार जिंकल्या की झालं.”

“आणि त्यानंतर?” लंकाबाईनं विचारलं.

“त्यानंतर फायनल. त्यातही चार.”

“आठ?” लंकाबाईनं कपाळावर पिठाचा हात मारून घेतला.

साडेदहाला शुभांगीचा बाप कोंडाजी आला. पंचवटीत देवळाजवळ त्याचं हारफुलांचं दुकान. काकडांचा झेंडू गेली वीस वर्षं त्याच्याकडेच जायचा. मोटरसायकलवर मागे शुभांगी. ओट्यावर खंडेराव धोतर सावरून बसले होते. कोंडाजीनं चप्पलही न काढता सुरुवात केली.

“आबा, एकदाचा निकाल लावा.”

“पितरपाठात लग्नाची बोलणी करत नसत्यात, कोंडाजी.”

“बोलणी करायला नाय आलो. मोडायला आलोय. मोडायला मुहूर्त लागत नाय.”

आतमध्ये लंकाबाईच्या हातातला झारा कढईत पडला. भारत, म्हणजे जीवनचा बाप, पाटावरून अर्धा उठला आणि तसाच अर्धा राहिला. भारत आयुष्यात कुठल्याच भांडणात पूर्ण उठलेला नव्हता.

“आज सर्वपित्री,” खंडेराव म्हणाले. “दारात आलेलं कुत्रं उपाशी जात नाय, तू तर व्याही. आधी जेव, मंग मोड.”

सकाळपासून कोंडाजीच्या पोटात एक कप चहा होता आणि आतून खिरीचा वास येत होता. त्यानं चप्पल काढली.

खंडेरावांनी शुभांगीला जवळ बोलावलं. “पोरी, तू शाळेत गणित शिकवती. तुला त्या खेळातलं समजतं म्हणं. मला एक सांग. शाहाऐंशी वर्षं एखादं वावर पिकत नसंल तर काहीतरी कारण असतंय. पाणी नाय, का खत नाय, का बियाणंच खराब?”

शुभांगीला खरं तर रडू येत होतं. तिला समजत होतं, हेच तर दुखणं होतं. पंचवटी कारंज्यावरच्या नेट कॅफेत बसून तिनं दीड वर्ष जीवनच्या ईमेल वाचल्या होत्या. आधी त्यांत ती असायची. मग ती आणि खेळाडू. मग नुसतेच खेळाडू. होणाऱ्या नवऱ्याच्या आवडीनिवडी कळाव्यात म्हणून तिनं सगळं पाठ केलं, आणि आता गल्लीतल्या बायका ‘काय गं, कधी?’ विचारायच्या तेव्हा तिच्याजवळ तारीख नव्हती, नुसते स्कोअर होते. पण आबांनी विचारलं होतं, आणि आबा या घरात तिला विचारणारे पहिलेच.

“बियाणं एक नंबर होतं आबा,” ती म्हणाली. “१९१८ पर्यंत पाच वेळा जगज्जेते. बेब रूथ म्हणून एक खेळाडू होता. बॉल टाकायलाही तोच, मारायलाही तोच. मालकानं त्याला न्यूयॉर्कला विकलं.”

“विकलं?” कोंडाजीनं मान वर केली. “माणूस विकला?”

“तिकडे विकतात खेळाडू.”

“कशापायी?”

“मालकाला नाटकं काढायचा नाद होता, असं म्हणतात.”

“म्हंजी तमाशात घातला म्हण की!” कोंडाजीच्या चुलत्यानं दोन बैल असेच घालवले होते. तो पुढे सरकून बसला. “मंग?”

“मग न्यूयॉर्क सव्वीस वेळा जिंकलं. बोस्टन एकदाही नाही. लोक म्हणतात, त्या बेब रूथचा शाप लागला.”

दारात लंकाबाई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मनीषाला धडकीच भरली. त्र्यंबकला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पितृदोष जीपमध्ये बसल्या बसल्या ओळखणारी बाई ती.

“अगं बाया,” लंकाबाई म्हणाली, “घरचा कर्ता पोरगा विकला. तळतळाट नाय लागायचा तर काय! त्याचं पान घातलं का कुणी?”

“आत्या, त्याला मुली होत्या.”

“अमेरिकेत पोरी पित्र घालत्यात?”

“नाही.”

“मंग! अडकून बसलाय बिचारा. आज सर्वपित्री. ज्याचं कुणी नाय त्यालाबी आज घास देता येतो. आबा, घालायचं का?”

खंडेरावांनी आभाळाकडे पाहिलं, मग कोंडाजीकडे. कोंडाजी म्हणाला, “घाला. घासानं काय कमी व्हणार हाय?” तो मोडायला आला होता हे त्या क्षणी फक्त शुभांगीच्या लक्षात होतं.

“वन्सं, काहीतरीच काय!” मनीषा म्हणाली.

“तू गप. तुला लग्न पायजे का नको?”

मनीषा दुसरं पान पुसायला गेली.

मग लंकाबाईनं रीतसर चौकशी लावली. एकट्याचं पान घालून भागत नाही, बाकीचे रुसतात. आणखी कोण कोण?

“कार्ल यास्त्रेम्स्की,” शुभांगी म्हणाली.

“मेलाय का?”

“नाही, आहेत.”

“बरं झालं. मला घेता नसतं आलं ते नाव. आणखी?”

“बिल बकनर. १९८६ ला जिंकत आलेली मॅच होती. साधा सरपटत आलेला बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला.”

“अरारा,” खंडेराव कळवळले. “मेला का लाजंनं?”

“नाही. आहे.”

“हायेत तोवर कुणाला विचारायचं नाय,” लंकाबाईनं निकाल दिला. जीवननं पाठवलेला, टीव्हीवर ठेवलेला यंदाच्या संघाचा फोटो तिनं उचलला. त्यात जॉनी डेमन खांद्यापर्यंत केस आणि छातीपर्यंत दाढी सोडून हसत होता. “हा गेल्या कुंभात तपोवनात होता बगा. मी पाया पडले होते.”

शुभांगीला हसू आलं, आणि हसू आलं याचा तिला रागही आला.

दोन पानं वाढली. एक काकडांच्या पितरांचं, एक बेब रूथचं. भात, आमटी, खीर, गवार, भोपळा. पण मेलेल्याच्या आवडीचं काहीतरी पानात लागतंच. नाहीतर कावळा शिवत नाही.

“त्याला काय आवडायचं गं?”

शुभांगीनं सांगावं की नाही असा विचार केला. “हॉट डॉग. म्हणजे पावामध्ये सॉसेज घालून—”

“मटण?” मनीषा ओरडली. “आजच्या दिवशी? माझ्या स्वयंपाकघरात?”

“पाव तर हाय ना?” लंकाबाई म्हणाली. पाव होता, सकाळच्या चहाचा. तिनं तो मधून चिरला, त्यात उडदाचा गरम वडा दाबला आणि पानात ठेवला. “त्याला काय कळतंय, एवढ्या लांबून आलेला. आणखी?”

“बिअर.”

खंडेरावांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. माळकरी घर.

“आता ते कुठून आणायचं?” लंकाबाई म्हणाली. “आणि त्यावाचून तर नडणार.”

भारतची स्थिती त्या वेळी फार वाईट झाली. एकुलत्या एक पोराचं लग्न एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला खतांच्या गोण्यांमागे, फवारणीच्या पंपाच्या आत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली बाटली. तो आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण उठला. “मी बघतो,” म्हणाला आणि शेडकडे गेला. दोन मिनिटांत परत आला. इतक्या लवकर गावातलं दुकानसुद्धा देत नाही.

मनीषानं बाटलीकडे पाहिलं. गार होती.

“पाहुण्यांसाठी ठेवली होती,” भारत म्हणाला.

“कोणते पाहुणे? बेब रूथ येणार हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं वाटतं!”

“नंतर भांडा गं,” लंकाबाईनं बाटली घेतली आणि द्रोणात धार धरली. भारत त्या धारेकडे ज्या नजरेनं बघत होता, तशी नजर त्यानं लेकाला विमानतळावर सोडतानाही केली नव्हती.

गच्चीवर पानं ठेवली. “काव, काव,” खंडेरावांनी साद घातली. कोंडाजीनंही घातली, जास्त मोठ्यानं. कडुलिंबावरून एक कावळा आला, मग दुसरा. काकडांच्या पानातली खीर त्यांनी आल्या आल्या उडवली. बेब रूथच्या पानाकडे एक तिरका होऊन गेला, वडापावकडे डोळा लावून पाहिलं आणि मागे सरला.

“अडलंय,” लंकाबाई कुजबुजली. “काहीतरी कबूल करा.”

खंडेराव पुढे झाले, हात जोडले. “बाबा रूथा, मालक चुकला. नाटकापायी तुला विकला. त्याच्या वतीनं मी माफी मागतो. जेव.”

कावळा जेवला नाही.

“व्याजासकट माफी!” कोंडाजी म्हणाला. “तुझा फोटू दुकानात लावतो, रोज हार घालतो. ताज्या फुलांचा, कालच्या नाय!”

कावळ्यानं पंख खाजवला.

“अगं पण,” लंकाबाईला एकदम शंका आली, “दुसरंच कुणी आडवं येत नसंल? आणखी कुणी मेलंय का?”

“टेड विल्यम्स,” शुभांगी म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी गेले. फार मोठे बॅटर. लढाईत विमान चालवायलाही गेले होते. पण संघाला जगज्जेता झालेलं त्यांनी कधी पाहिलं नाही.”

“मंग त्यांचं नीट झालं ना सगळं? अग्नी दिला? पुरला?”

हे सांगायला नको होतं, पण गणिताच्या बाईला अर्धवट उत्तर देता येत नाही. “नाही. त्यांना बर्फात ठेवलंय. अजून.”

“बर्फात?”

“पुढे कधी विज्ञानानं जिवंत करता आलं तर, म्हणून.”

लंकाबाई गच्चीच्या कठड्याला धरून खाली बसली. “आयव! अग्नी नाय, माती नाय! अन् तुम्ही त्या रूथाला वडे चारताय! हा खरा दोष! चला, जीप बोलवा. त्र्यंबकला. नारायण नागबळी. कणकेचा माणूस करायचा आन् त्याला रीतसर अग्नी द्यायचा.”

“अक्का बरोबर बोलतेय,” भारत घाईनं म्हणाला. विल्यम्स लागू पडला तर उरलेली अर्धी बाटली वाचणार होती.

“काय बरोबर?” कोंडाजी उसळला. “तो दोन वर्षांमागं गेला. शाप शाहाऐंशी वर्षांचा हाय. हिशोब बसतो का?”

“दोष मागंबी लागतो!”

“मागं कसा लागंल? रूथच हाय तो!”

“तुम्हाला काय कळतंय, हार विकणाऱ्याला!”

“आन् तुम्ही भांडा बर्फवाल्याकडनं!”

खंडेराव रूथाकडून, भारत विल्यम्सकडून. वीस वर्षांचा झेंडूचा व्यवहार, दीड वर्षाची सोयरीक, सगळं त्या दुपारी दोन अमेरिकन मयतांवरून फाटायला आलं. कावळे कठड्यावर ओळीनं बसून ऐकत होते.

मनीषा जिन्यात उभी होती. पहिल्या पायरीवर शुभांगी बसलेली, पदर तोंडाला लावून. मनीषाला आधी वाटलं हसतेय. मग जवळ गेल्यावर दिसलं.

“काय गं?”

“काही नाही, काकू. सगळे किती विचारपूस करतायत. रूथला काय आवडायचं, विल्यम्सचं कुठे अडलं.” शुभांगीनं नाक पुसलं. “मला दीड वर्षात कुणी विचारलं नाही, तुला काय पाहिजे.”

मनीषानं या पोरीला साखरपुड्याला साडी दिली, संक्रांतीला वाण दिलं, प्रत्येक वेळी ‘थोडं थांब’ म्हणाली. आणि स्वतःच्या लग्नाच्या वेळी भारतनं आठ दिवस उत्तर दिलं नव्हतं, तर ती विहिरीवर जाऊन एकटी रडली होती.

ती गच्चीवर गेली. भांडणाच्या मधून सरळ चालत पानासमोर उभी राहिली. हात जोडले नाहीत.

“हे बघा,” ती म्हणाली, “रूथ असा की विल्यम्स असा, मला घेणं नाही. तुमचा संघ जिंकायचा तर जिंको. जिंकला, तर माझा मुलगा तारीख मागेल. ती तारीख मी देणार नाही, आबा देणार नाहीत, कोंडाजीभाऊ देणार नाहीत. ही पोरगी देईल. ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. माझा शब्द आहे.”

तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. मोठा डोमकावळा खाली उतरला, वडापावमधला वडा चोचीत धरला आणि कडुलिंबावर गेला. पाव तेवढा ठेवला.

“जेवला!” खंडेराव ओरडले.

“कोण पण? रूथ का विल्यम्स?” भारतनं विचारलं.

“वडा रूथाचा होता!” कोंडाजी म्हणाला आणि आनंदाच्या भरात त्यानं लंकाबाईला हात जोडले. मग त्याला आठवलं आपण कशाला आलो होतो. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. “तुला चालंल का गं असं?”

“चालेल, अण्णा,” शुभांगी म्हणाली. आणि सगळे जेवायला बसले.

पुढच्या दोन मॅचही बोस्टन हरलं. दुसरीत तीन-एक, तिसरीत तर एकोणीस-आठ. तीन हरल्यावर चार जिंकून परत आलेला संघ बेसबॉलमध्ये आजवर झालेलाच नाही, असं शुभांगीनं सांगितलं तेव्हा खंडेरावांनी दोन दिवस कावळ्यांकडे पाहिलं नाही. मग नवरात्रात काय झालं देव जाणे. चौथी जिंकले. पाचवी जिंकले. सहावीत एका बॉलरनं पायाला टाके घातलेले असताना रक्तानं भिजलेल्या मोज्यानिशी बॉलिंग केली, हे ऐकून कोंडाजीनं दुकानात त्याच्या नावानं नारळ फोडला. सातवीसुद्धा जिंकले. पुढे फायनल, त्यात सलग चार.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे काकडांच्याच घरी होते. आदल्या रात्रीचं उरलेलं मसाला दूध गरम करून पीत होते. नऊच्या सुमारास फोन वाजला. मनीषानं स्पीकरचं बटण दाबलं.

“आई! जिंकलो! शहाऐंशी वर्षांनी!” जीवन रडत होता, हसत होता, मागे कुणीतरी भोंगा वाजवत होतं. “आई, तारीख काढा! तुळशीच्या लग्नानंतरची पहिली! मी तिकीट काढतो!”

लंकाबाईनं पदरानं डोळे टिपले. तिचं तोंड आता पुन्हा बाजारात दाखवण्याजोगं झालं होतं.

“मला नको विचारू,” मनीषा म्हणाली. “तिला विचार.”

“शुभा! आहेस का तिथे? पाहिलंस ना?”

“अभिनंदन जीवन,” शुभांगी म्हणाली. आवाज शांत होता. “मनापासून. पण माझाही एक पण आहे.”

“बोल ना! काहीही!”

“शिकागोचा कब्स संघ जगज्जेता झाला, की मी बोहल्यावर चढेन.”

मागचा भोंगा बंद झाला.

“शुभा, ते १९०८ पासून जिंकलेले नाहीत.”

“माहीत आहे मला.”

“अगं, मग मी थांबायचं तरी किती?”

“मी कुठे विचारलं होतं तुला?”

कोंडाजीनं दुधाचा पेला खाली ठेवला. लेकीकडे बघून त्याची छाती भरून आली. लंकाबाईला मात्र राहवेना. “पण त्यांचं कशानं अडलंय, जीवन?”

आणि बेसबॉलचा नाद बघा, त्या अवस्थेतही जीवननं उत्तर दिलं. “बोकडाचा शाप आहे, आत्या. एकजण बोकड घेऊन मॅचला आला होता. बोकडाला हाकलून दिलं म्हणून त्यानं—”

“बोकडच ना?” खंडेराव ताडकन उठले. “मंग सोपं हाय! चंपाषष्ठीला एक देवाला सोडू—”

“आबा,” शुभांगी म्हणाली, “बसा.”

खंडेराव बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांना असं कुणी बसवलं नव्हतं, आणि त्यांना ते आवडलंही.

“आई,” फोनमधून बारीक आवाज आला, “ती गंमत करतेय ना?”

मनीषानं शुभांगीकडे पाहिलं. ती पेल्याच्या तळाचे बदाम बोटानं काढून खात होती, दीड वर्षात इतक्या निवांतपणे काही खाताना मनीषानं तिला पाहिलं नव्हतं.

“नाही रे बाळा,” मनीषा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.